पेटते ते बाष्प : ॲसिटोनची चारशे वर्षे

नखांवरचे पॉलिश काढण्याचा जो द्रव दुकानात मिळतो, त्यातील बऱ्याच बाटल्यांमध्ये ॲसिटोन असते. त्याचे दोन थेंब हाताच्या पाठीवर टाकले तर एकदम गार वाटते आणि बघता बघता त्वचा कोरडी होते. पानांतील हरितद्रव्य वेगळे करण्याच्या प्रयोगासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतही ॲसिटोनची एखादी बाटली असते. कारखान्यांत तर रंग, रोगण, औषधे, प्लास्टिक, चिकटद्रव्ये अशा कितीतरी ठिकाणी ॲसिटोन द्रावक म्हणून पिंपांनी लागते.

प्रयोगशाळेतील बाटलीच्या लेबलावर ज्योतीचे चित्र असते. रसायनाच्या माहितीपत्रकात ‘फ्लॅश पॉइंट : उणे २० अंश सेल्सिअस’ अशी नोंद असते. एखादा चौकस विद्यार्थी यावर हमखास विचारतो, “सर, हे उणे वीस अंशालाच पेटत असेल, तर वर्गातल्या तीस अंशाला बाटली आपोआप का पेटत नाही?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर एका ओळीत देता येते, पण तो आकडा आला कोठून हे पाहिले तर उत्तर अधिक चांगले समजते. गंमत अशी, की ज्या माणसाने हा आकडा मोजण्याचे खात्रीचे साधन दिले, त्याच माणसामुळे ॲसिटोन हे जगातील एक महत्त्वाचे औद्योगिक द्रावक बनले.

शिशाच्या साखरेपासून

ॲसिटोनचा लिखित इतिहास १६०६ पर्यंत मागे जातो. जर्मन रसायनज्ञ आंद्रेयास लिबाव्हियस याने त्या वर्षी लेड ॲसिटेट तापवून त्यातून निघणारा द्रव गोळा केल्याचे वर्णन केले. लेड ॲसिटेट चवीला गोड (आणि विषारी) असल्यामुळे त्याला ‘शिशाची साखर’ म्हणत. पुढे दोनशे वर्षे हा द्रव म्हणजे एक कुतूहलाची वस्तू होती. त्याचे रेणुसूत्र द्यूमा आणि लीबिग यांच्या विश्लेषणांतून १८३२ मध्ये स्पष्ट झाले : तीन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. पुढच्याच वर्षी फ्रेंच रसायनज्ञ ब्यूसी याने त्याला ‘ॲसिटोन’ हे नाव दिले.

एकोणिसाव्या शतकात ते मिळवण्याची रीत लांबलचक होती. लाकूड बंद भट्टीत, हवेशिवाय तापवायचे. त्यातून निघणाऱ्या आंबट पाण्यात ॲसेटिक आम्ल असते. त्यात चुना घालून कॅल्शियम ॲसिटेट करायचे, ते वाळवायचे आणि पुन्हा कोरडेच तापवायचे, की ॲसिटोन बाहेर पडते. एक टन ॲसिटोनसाठी ८० ते १०० टन लाकूड लागे. पण तेव्हा मागणीच फारशी नसल्यामुळे त्याची कोणाला चिंता नव्हती.

एक माणूस, दोन कामे

मागणी वाढवली ती फ्रेडरिक एबल या ब्रिटिश रसायनज्ञाने. एबल (१८२७-१९०२) हे ब्रिटिश युद्धखात्याचे रसायनज्ञ होते. त्यांच्या पहिल्या कामाचा ॲसिटोनशी थेट संबंध नाही. ते काम होते घासलेटाचे.

१८६० नंतर घराघरांत रॉकेलचे दिवे आले आणि त्याबरोबर दिव्यांचे स्फोटही आले. खनिज तेल शुद्ध करताना मिळणारा नाफ्था हा हलका भाग त्या वेळी स्वस्त होता, म्हणून काही व्यापारी तो रॉकेलमध्ये मिसळत. असे तेल दिव्याच्या टाकीत थोडे गरम झाले की त्याची वाफ वर जमे आणि ज्योतीपर्यंत पोचली की भडका उडे. कोणते तेल सुरक्षित आणि कोणते नाही हे ठरवायला ब्रिटनमध्ये १८६८ चा कायदा होता. त्यातील चाचणी उघड्या भांड्यात घेत. पण उघड्या भांड्यातून वाफ उडून जाते. खोलीत वाऱ्याची झुळूक आली तर उत्तर बदलते, तपासणारा बदलला तरी उत्तर बदलते. त्यामुळे व्यापाऱ्याचा तज्ज्ञ एक आकडा सांगे आणि सरकारचा तज्ज्ञ दुसरा.

एबल यांनी भांड्याला झाकण घातले. झाकणात एक छोटी खिडकी ठेवली. भांड्याभोवती गरम पाणी ठेवून तेल सावकाश तापवायचे, ठरावीक अंतराने खिडकी क्षणभर उघडून एक बारीक ज्योत आत दाखवायची आणि मिटवायची. ज्या तापमानाला आतील वाफ प्रथम ‘भक्’ करून पेटते आणि लगेच विझते, तो त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजेच प्रज्वलनबिंदू. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने हे उपकरण अधिकृत केले आणि ७३ अंश फॅरनहाइट ही मर्यादा घातली. सेल्सिअसमध्ये हे २२.८ अंश होतात. भारताच्या पेट्रोलियम कायद्यात २३ अंशांखाली प्रज्वलनबिंदू असलेली तेले सर्वांत धोक्याच्या ‘अ’ वर्गात येतात. रसायनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही २३ अंशांची रेषा आहे. या रेषेच्या मुळाशी एबल यांचे ते झाकणाचे भांडे आहे.

दुसरे काम दहा वर्षांनी झाले. १८८९ मध्ये एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट ही धूर न करणारी तोफेची दारू तयार केली. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन असे. गनकॉटन म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. हा तंतुमय कापूस आणि तेलकट नायट्रोग्लिसरीन एकजीव करायचे कसे? त्यासाठी दोघांनाही सामावून घेणारे द्रावक हवे होते. ते ॲसिटोनच्या रूपात मिळाले. ॲसिटोन घालून कणीक मळल्यासारखे मळायचे, शेवेच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दोऱ्या पाडायच्या आणि त्या ऊबदार खोलीत वाळवायच्या. दोरीला इंग्रजीत कॉर्ड म्हणतात, त्यावरून कॉर्डाइट हे नाव पडले. दारू तयार होईपर्यंत ॲसिटोन उडून गेलेले असे. म्हणजे तयार मालात ते जवळजवळ नसे, पण त्याच्यावाचून माल तयार होत नसे. द्रावकांचे काम बहुधा असेच असते.

आकड्याचा अर्थ

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. कोणताही द्रव, द्रव म्हणून पेटत नाही. पेटते ते त्याचे बाष्प, आणि तेही हवेशी ठरावीक प्रमाणात मिसळलेले असेल तरच. ॲसिटोनच्या बाबतीत हे प्रमाण हवेच्या सुमारे २.५ ते १३ टक्के आहे. त्याहून कमी बाष्प असेल तर जाळायला इंधन अपुरे पडते, जास्त असेल तर ऑक्सिजन अपुरा पडतो.

उणे २० अंशाला ॲसिटोनचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे २१ मिलिमीटर असतो. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर. २१ भागिले ७६० केले की उत्तर येते २.८ टक्के, म्हणजे खालच्या मर्यादेच्या अगदी जवळ. प्रज्वलनबिंदूचा अर्थ इतकाच : या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावरची हवा पेट घेण्याइतकी ‘तयार’ होते. ती पेटवायला ठिणगी मात्र बाहेरून लागते. ठिणगीशिवाय आपोआप पेटण्यासाठी ॲसिटोनचे बाष्प ४६५ अंशांपर्यंत तापावे लागते. विद्यार्थ्यांच्या मनात हे दोन आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे करून दाखवावेत.

हेच गणित ३० अंशांना करा. बाष्पदाब सुमारे २८४ मिलिमीटर, म्हणजे बंद बाटलीत द्रवावरच्या हवेत सुमारे ३७ टक्के बाष्प. हे वरच्या मर्यादेच्याही पलीकडे आहे, त्यामुळे बंद बाटलीच्या आत आग धरण्याजोगी हवाच नसते. पण झाकण उघडून बाष्प बाहेर आले, की ते पसरताना पातळ होत जाते आणि बाटलीच्या तोंडाशी, टेबलावर, जमिनीलगत कोठेतरी ते १३ ते २.५ टक्क्यांच्या पट्ट्यातून जातेच. ॲसिटोनचा रेणुभार ५८, हवेचा सरासरी २९. म्हणजे हे बाष्प हवेच्या दुप्पट जड आहे. ते वर उडून न जाता टेबलावरून खाली उतरते, जमिनीवरून सरपटत जाते आणि दूरच्या बर्नरपर्यंत किंवा स्विचच्या ठिणगीपर्यंत पोचू शकते. तेथे पेटले की ज्योत आल्या वाटेने बाटलीकडे परत येते.

रॉकेलचा प्रज्वलनबिंदू आपल्याकडे किमान ३५ अंश असावा लागतो. पुण्याच्या हिवाळ्यात रॉकेल त्याच्या खाली असते. ॲसिटोनच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात एकही दिवस असा येत नाही. त्यामुळे त्याच्याजवळ ठिणगी येऊ न देणे एवढाच उपाय बाराही महिने उरतो.

महायुद्ध, मका आणि मोह

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि कॉर्डाइटची मागणी प्रचंड वाढली. लाकडापासून मिळणारे ॲसिटोन पुरेना. ब्रिटनला त्यातील बरेचसे अमेरिकेतून आणावे लागे. अशा वेळी मँचेस्टर विद्यापीठातील हाइम वाइझमन या जीवरसायनज्ञाचे काम उपयोगी पडले. हेच वाइझमन पुढे इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पिष्टमय पदार्थ आंबवून त्यांपासून ॲसिटोन आणि बुटॅनॉल तयार करणारा एक जिवाणू त्यांनी वेगळा केला होता. हा जिवाणू हवेशिवाय वाढतो. त्याच्या आंबवणीत ॲसिटोन, बुटॅनॉल आणि अल्कोहोल साधारण ३ : ६ : १ या प्रमाणात मिळतात. लंडनमधील जिन गाळण्याच्या एका कारखान्यात या पद्धतीची मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली आणि मग मक्यापासून ॲसिटोन निघू लागले.

१९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांमुळे अमेरिकेतून येणारा मका अडला, शिवाय तो खाण्यासाठीही हवा होता. तेव्हा ब्रिटिश सरकारने शाळकरी मुलांना हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या बिया गोळा करायला सांगितले. या बिया कडू असतात, माणसे खात नाहीत. मुले त्या दोरीत ओवून एकमेकांच्या बियांवर आपटण्याचा खेळ खेळतात. त्यात पिष्ट मात्र भरपूर असते. मुलांनी बियांचे ढीग जमवले. कशासाठी, हे त्यांना सांगितलेले नव्हते. वाहतुकीची सोय अपुरी पडल्याने कित्येक ढीग रेल्वे स्थानकांवरच कुजले. सुमारे ३,००० टन बिया किंग्ज लिन येथील कारखान्यात पोचल्या. पण त्यांपासून उत्पादन काढणे अवघड गेले आणि १९१८ च्या उन्हाळ्यात तो प्रयत्न थांबला.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. निलगिरीतील अरुवंकाडू येथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कॉर्डाइटचा कारखाना होता. युद्धकाळात वाइझमन यांच्या पद्धतीने ॲसिटोन करण्यासाठी नाशिकला सरकारी कारखाना उभारण्यात आला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९१६ मध्ये आलेले गिल्बर्ट फाउलर यांनी मोहाच्या फुलांपासून ॲसिटोन काढण्यावर काम केले. फाउलर हेही मँचेस्टरहूनच आलेले होते. मोहाच्या वाळलेल्या फुलांत साखर भरपूर असते, हे आपल्याकडे आदिवासी भागात कोणालाही सांगावे लागत नाही.

ॲसिटोनच्या टंचाईवर ब्रिटनने आणखी एक तोड काढली. गनकॉटनचा प्रकार बदलून ॲसिटोनऐवजी ईथर आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरले. पण ईथरचा प्रज्वलनबिंदू आहे उणे ४५ अंश. म्हणजे टंचाई भागवताना धोका वाढला. अशा कारखान्यांत आगपेटी तर सोडाच, धातूची केसांची पिनसुद्धा नेऊ देत नसत.

न पेटणारे म्हणजे निर्धोक?

मग जे पेटतच नाही असे द्रावक का वापरू नये? हा विचारही त्याच काळात झाला आणि त्याची किंमत कामगारांनी मोजली. त्या वेळची विमाने लाकडी सांगाड्यावर कापड ताणून बनवत. कापड घट्ट बसावे म्हणून त्यावर सेल्युलोज ॲसिटेटचे रोगण लावत. या रोगणात टेट्राक्लोरोईथेन हे न पेटणारे द्रावक वापरले गेले. आगीची भीती गेली, पण बंद खोल्यांत दिवसभर रोगण लावणाऱ्या कामगारांना कावीळ होऊ लागली. त्याच्या बाष्पाने यकृत निकामी होत होते. १९१४ पासून ब्रिटन आणि जर्मनी या दोन्ही देशांत मृत्यू झाले, त्यांत स्त्रियाही होत्या. अखेर ब्रिटनमध्ये युद्ध चालू असतानाच हे द्रावक रोगणातून काढून टाकावे लागले आणि ॲसिटोनसारखी पेटणारी द्रावकेच बरी ठरली.

ॲसिटोन त्यामानाने कमी विषारी आहे. आपल्या शरीरातही चरबीच्या विघटनातून ते थोडे तयार होते आणि मधुमेह बळावला की रुग्णाच्या श्वासालाच त्याचा वास येतो. अर्थात बंद खोलीत ते फार हुंगले तर डोके दुखते, गुंगी येते. कोणत्याही द्रावकाबद्दल म्हणूनच दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात : ते पेटते का, आणि ते शरीरात गेले तर काय करते? एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही.

ॲसिटोन राखण करते तेव्हा

पेटणारे ॲसिटोन दुसऱ्या एका पदार्थाचा स्फोट टाळते, हे सांगितले तर विद्यार्थ्यांचा चटकन विश्वास बसणार नाही. हा पदार्थ म्हणजे ॲसिटिलीन. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले की हा वायू मिळतो. त्याची ज्योत अतिशय प्रखर असते. पण तो सिलिंडरमध्ये दाबून भरायला गेले की दीड-दोन वातावरणांच्या दाबावरच हवा नसतानाही स्फोटाने विघटित होऊ शकतो.

१८९६-९७ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद आणि अल्बेर एस यांना आढळले, की ॲसिटोनमध्ये ॲसिटिलीन भरपूर विरघळते. साध्या दाबाला आपल्या आकारमानाच्या सुमारे २५ पट, आणि १२ वातावरण दाबाला सुमारे ३०० पट. विरघळलेल्या स्थितीत त्याचे विघटन सहज होत नाही. तरीही द्रावणावरच्या मोकळ्या जागेतील वायूचा धोका उरतो. म्हणून सिलिंडर आतून सच्छिद्र पदार्थाने गच्च भरायचा आणि ॲसिटोन त्या छिद्रांत शोषवून ठेवायचे, ही युक्ती निघाली. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी हादरे बसले तरी न भुगणारा असा सच्छिद्र पदार्थ बनवला. अशा सिलिंडरांवर निर्जन बेटांवरची दीपगृहे महिनोन्‌महिने जळत राहिली. दीपगृहांसाठीच्या स्वयंचलित नियंत्रकांबद्दल दालेन यांना १९१२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सिलिंडरची सुरक्षितता तपासताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती.

आपल्या गावातील गॅस वेल्डिंगच्या दुकानात मरून रंगाचा जो सिलिंडर उभा असतो, त्यात हीच व्यवस्था आहे. तो आडवा करून वापरू नये, असे कारागीर सांगतात. याचे कारण विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. आडव्या सिलिंडरमधून वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते.

रिकाम्या पिंपाचे गणित

आज लाकूड किंवा मका यांपासून ॲसिटोन क्वचितच करतात. १९४० नंतरच्या दशकात बेंझीन आणि प्रोपिलीन यांपासून क्यूमीन करून त्यापासून फिनॉल आणि ॲसिटोन एकाच वेळी मिळवण्याची पद्धत निघाली. एक टन फिनॉलबरोबर सुमारे ६०० किलो ॲसिटोन मिळते. आपल्याकडे कोचीजवळ अंबलमुगल येथे १९८७ मध्ये आणि गुजरातमध्ये दहेज येथे २०१८ मध्ये या पद्धतीचे कारखाने सुरू झाले. ॲसिटोन स्वस्त झाले आणि २०० लिटरची पिंपे गावोगावी पोचली.

या पिंपांतील माल संपल्यावर ती भंगारात येतात, पाणी साठवायला विकली जातात, त्यांचे झाकण गॅस कटरने कापले जाते. ‘रिकाम्या’ पिंपाचे एक गणित फळ्यावर जरूर करावे. एक मिलिलिटर ॲसिटोनचे वजन ०.७९ ग्रॅम. त्याला ५८ ने भागून एका मोलच्या आकारमानाने (सुमारे २४.५ लिटर) गुणले, की बाष्प मिळते सुमारे एक-तृतीयांश लिटर. २०० लिटरच्या पिंपात अडीच टक्के बाष्प व्हायला ५ लिटर बाष्प पुरते, म्हणजे १५ मिलिलिटर द्रव, तीन चमचे. पिंप उपडे केल्यावरही कडांच्या खाचेत याहून जास्त द्रव राहतो. भरलेल्या पिंपात हवेला जागाच थोडी असते. रिकाम्यात हवा आणि बाष्प दोन्ही असतात. तेव्हा रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचे असू शकते. कटरची ज्योत लावण्याआधी पिंपात बाष्प अजिबात उरलेले नाही याची खात्री करायलाच हवी.

दुसरा गैरसमज पाण्याचा. ॲसिटोन पाण्यात पूर्ण मिसळते, म्हणून ‘पाणी ओतले की झाले’ असे वाटते. पण पाण्यात १० टक्के ॲसिटोन असले तरी त्या द्रावणाचा प्रज्वलनबिंदू सुमारे २७ अंश असतो, आणि मे महिन्यात मराठवाड्यातील खोलीचे तापमान त्याहून बरेच जास्त असते. आगीवर पाण्याचा जोरदार फवारा मारला तर पेटता द्रव पसरतो. साधा फेसही ॲसिटोनमध्ये विरून जातो, त्यासाठी वेगळा फेस लागतो. लहान आग झाकण ठेवून किंवा कोरड्या पावडरच्या उपकरणाने विझवावी.

शाळेपुरते नियम थोडेच आहेत. बाटली लहान ठेवावी आणि नावाचे लेबल लावूनच ठेवावी. ॲसिटोन वापरताना त्या खोलीत एकही बर्नर, स्टोव्ह किंवा मेणबत्ती नसावी. तापवायचेच असेल तर आधीच गरम केलेल्या पाण्यात भांडे ठेवावे. घरगुती फ्रिजमध्ये बाटली ठेवू नये. त्यातील स्विचची ठिणगी बंद जागेतच पडते आणि फ्रिजमधील तापमानही बाष्पाला उणे २० च्या पुष्कळ वर असते. क्लोरोफॉर्म किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या शेजारी ॲसिटोन ठेवू नये. उरलेले बेसिनमध्ये ओतू नये, कारण जड बाष्प गटाराच्या नळीतून लांबवर जाते.

आणि नियम वाचून दाखवण्याआधी दोन बशांत पाण्याचे व ॲसिटोनचे पाच-पाच थेंब टाकून, ज्योतीशिवाय, नुसते घड्याळ लावून बसावे. ॲसिटोनची बशी लवकरच कोरडी होईल. मग विचारावे : “ते कुठे गेले?” मुले वर बोट दाखवतील. तेव्हा ५८ आणि २९ हे दोन आकडे फळ्यावर लिहून पुन्हा विचारावे.